सात नंबरची खूण

सरिताला भिमाजी पहिल्यांदा दिसला तो भट्टीवर पाणी उडवताना. डाव्या हातात पत्र्याचा मग होता. उजव्या हाताची बोटं तो मगात बुडवायचा, भट्टीच्या लोखंडी कवचावर चार थेंब उडवायचा आणि ते सुकेपर्यंत ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजायचा. मग दोन पावलं पुढे, की पुन्हा तेच. असा तो भट्टीला पूर्ण फेरा घालून आला. सरिताला कामावर लागून तीनच दिवस झाले होते. तिला वाटलं, हा काहीतरी देवाधर्माचा प्रकार असावा. अशा वेळी मध्ये बोलू नये म्हणून ती बाजूला उभी राहिली.

नंतर तिने मनोजला विचारलं. मनोज भट्टीखात्याचा साहेब, जिभेने तिखट, पण कामाला पक्का.

"पूजा कसली, मॅडम. ते त्याचं मीटर आहे. थेंब किती वेळात उडाला त्यावरून आतली वीट किती उरलीय ते सांगतो, लवकर उडाला की वीट पातळ. आता तुमचं मीटर आलं, म्हणजे त्याची सुट्टी."

हे भिमाजीच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने तो बोलला. भिमाजीने मगातलं उरलेलं पाणी कोपऱ्यातल्या तुळशीत ओतलं, मग खिळ्याला अडकवला आणि सरिताजवळ येऊन म्हणाला, "जय भीम, मॅडम. तुमचं मीटर आम्हाला पण दाखवा एकदा."

कारखाना सिन्नरच्या रस्त्याला. तांब्याचं भंगार वितळवून त्याच्या लाद्या ओतायच्या, हे तिथलं काम. भट्टी दोन मजले उंच, बाहेरून लोखंडी कवच आणि आतून भट्टीच्या खास विटांचं अस्तर. वितळलेलं तांबं रात्रंदिवस त्या अस्तराला चाटत असतं. वीट थोडी थोडी झिजते. ती किती झिजली हे बाहेरून दिसत नाही आणि आत तर कुणाला डोकावता येत नाही. वेळेवर भट्टी बंद करून अस्तर बदललं तर ठीक. उशीर झाला तर तांबं कवच फोडून बाहेर येतं. म्हणून त्या खात्यात सकाळी पहिला प्रश्न एकच असायचा, अस्तर काय म्हणतंय. आणि पंचवीस वर्षं त्याचं उत्तर भिमाजीकडे होतं, कारण ते अस्तर लावणारा गवंडीही तोच होता.

त्या वर्षी फेब्रुवारीत नवं अस्तर लावलं तेव्हा मुंबईहून शास्त्रज्ञांची तुकडी आली होती. भट्टीच्या खालच्या भागात, धोका जास्त तिथे, त्यांनी बारा विटा निवडल्या आणि प्रत्येकीत ठरावीक खोलीवर मोहरीच्या दाण्याएवढा किरणोत्सारी कोबाल्टचा कण बसवला. प्रत्येक कणासमोर कवचावर पिवळ्या रंगाने वर्तुळ काढून आत नंबर घातला, एक ते बारा. रोज सकाळी त्या वर्तुळावर मीटर टेकवायचं. कण जागेवर आहे तोवर काटा दोनशेच्या आसपास थरथरतो. वीट तिथवर झिजली की कण हळूहळू विरघळून वितळलेल्या धातूत मिसळतो, त्या जागेचा आकडा घसरतो, आणि बाहेरच्या माणसाला कळतं की आता फार दिवस उरले नाहीत. या सगळ्याची देखरेख करायला कुणीतरी भौतिकशास्त्र शिकलेलं हवं होतं, म्हणून सरिताची नेमणूक झाली होती. मीटर धरायला माणूस हवा होता. सरिताने भिमाजीला मागितलं. मनोजने खांदे उडवले, म्हणाला, घ्या, नाहीतरी तो फेऱ्या मारतोच.

भिमाजीचं वय तेव्हा बावन्न. उपनगर नावाच्या भागातल्या एका वसाहतीत दोन खोल्यांचं घर. घरात बायको चांगुणा आणि कॉलेजात शास्त्र शाखेला असलेली मुलगी साक्षी. गवंड्याच्या कामाने त्याच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की आधार केंद्रावर ठसा उमटायला तीन खेपा झाल्या. बोलणं कमी, पण विचारणं फार. कण किती दिवस टिकतो, तो रंगाने कसा असतो, तांब्यात गेल्यावर त्याचं काय होतं, सगळं तो सरिताला विचारायचा आणि संध्याकाळी घरी साक्षीला सांगायचा. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचा, "मॅडम, साक्षी म्हणते तुम्ही सांगितलं ते बरोबर आहे." सरिताला याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

छातीवर लावायचा किरणांची नोंद घेणारा बिल्ला त्याने कधी विसरला नाही. त्यावरून सहादू त्याची थट्टा करायचा. सहादू सुरगाण्याकडचा, भट्टीखालचा खड्डा साफ करायचं काम त्याच्याकडे. नागली लावून झाली की गावाकडून यायचा, पुढच्या पावसापर्यंत राहायचा. त्या सालापासून मात्र कायमचाच राहिला होता. "बिल्ला लावून तहसीलदार दिसतोस, भाऊ," तो म्हणायचा. "माझा सातबारा कधी देतोस?" दोघं जेवायला एकाच ठिकाणी बसायचे. सहादूच्या डब्यातली नागलीची भाकरी भिमाजी खायचा आणि चांगुणाने दिलेली सुक्या बोंबलाची चटणी सहादू चाटूनपुसून संपवायचा.

मे महिन्यात एक गोष्ट घडली. तीन नंबरचा आकडा दोन दिवसांत दोनशेवरून सव्वाशेवर आला. भिमाजीने मग काढला, पाणी उडवलं, मोजलं आणि सांगितलं की थेंब नेहमीसारखाच सुकतोय, वीट ठीक आहे. सरिताने मीटरवर भरवसा ठेवला. भट्टी थांबवली. आत उतरून बघितलं तर तीन नंबरजवळ वीट चार बोटं उरली होती. तेवढा भाग डागडुजी करून भट्टी पुन्हा पेटवली.

भिमाजी खड्ड्याच्या कडेला बराच वेळ आपला तळहात बघत बसला होता. सरिता जवळ गेली तेव्हा म्हणाला, "हात म्हातारा झाला, मॅडम. बरं झालं तुमचं मीटर होतं." त्या दिवसापासून पाण्याचा मग खिळ्यालाच राहिला. सरिताला तेव्हा अभिमान वाटला. विज्ञान एका माणसापर्यंत पोचलं, असं तिला वाटलं.

दसरा आला. कारखान्यात खंडेनवमीला भट्टीची पूजा व्हायची. आदल्या दिवशी भट्टी मंद करायची, गंज घासून काढायचा, खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा, मग हार, नारळ, झेंडूची माळ. भिमाजी पूजेला उभा राहत नसे, आणि त्याबद्दल कुणी त्याला कधी काही म्हटलं नाही. पण रंगाचं काम मात्र त्याचंच. त्याच्याइतका सरळ पट्टा कुणाला ओढता येत नसे. "पूजा तुमची, चुना माझा," असं तो दरवर्षी म्हणायचा.

त्या वर्षी गंज घासायला कंत्राटी पोरं होती. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. तारेच्या ब्रशने त्यांनी गंजाबरोबर पिवळी वर्तुळंही अर्धीमुर्धी खरवडून टाकली. भिमाजीने ते बघितलं आणि कामाच्या पिशवीतून आपली सुतळी काढली. गवंडी वापरतात तशी गाठी मारलेली सुतळी. भट्टीच्या तोंडापासून प्रत्येक वर्तुळापर्यंतचं अंतर त्याने गाठीगाठींवर धरून ठेवलं, मग गेरू आणि चुना मारला, आणि तो सुकल्यावर त्याच मापाने बाराही वर्तुळं पुन्हा काढली. नंबर घातले. मग त्याने सरिताला फोन केला.

सरिता तेव्हा रजेवर होती. धाकट्या भावाच्या साखरपुड्याला कळवणला आली होती, भोवती पाहुण्यांचा गोंगाट. भिमाजीने सगळं सांगितलं आणि विचारलं, ऑफिसातल्या नकाशावर मापं आहेत, तुम्ही आल्यावर टेप लावून एकदा बघाल का. ती म्हणाली, "काका, तुम्हाला तर तोंडपाठ आहेत. तुमची खूण चुकायची नाही." फोन ठेवल्यावर ती ते विसरून गेली. सोमवारी परतली तेव्हा ऑडिटचे कागद टेबलावर वाट बघत होते.

दसरा झाला, भट्टी पूर्ण पेटली, आणि तिसऱ्या सकाळी सात नंबरचा आकडा एकशे सत्तर आला.

सरिता ऑडिटमध्ये अडकली होती, म्हणून भिमाजी मनोजकडे गेला. मनोज चहा पीत होता. बाकीचे अकरा आकडे कसे आहेत, त्याने विचारलं. ठीक आहेत. मग सातच कसा घसरला, दहा दिवसांपूर्वी तर दोनशे होता. नवी वर्तुळं कुणी काढली? भिमाजी म्हणाला, मी. मनोज सगळ्यांकडे बघून म्हणाला, "भट्टीला चुना लावायला सांगितला होता, हा आम्हालाच लावून बसला." सगळे हसले. सहादूही हसला. मनोज पुढे समजुतीने बोलला की एवढ्यासाठी भट्टी थांबवता येत नाही, बोट-दोन बोटं इकडे तिकडे झाली असेल खूण, नीट शोध, आकडा सापडेल.

आणि भिमाजीने आकडा शोधला.

त्या दिवसापासून सव्वीस दिवस वहीत सात नंबरपुढे आकडा होता दोनशे दोन, दोनशे दोन, दोनशे, दोनशे दोन. बाकीच्या जागांचे आकडे रोज थोडे हलायचे, चार वर, सहा खाली, कारण किरणं कधी मोजून येत नाहीत. साताचा आकडा शहाण्या मुलासारखा एका जागी बसलेला. सरिता दर शनिवारी ती वही तपासून सही करायची. चार शनिवार तिने सही केली.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळचे साडेदहा. सहादू खाली खड्ड्यात होता, जमीन ओली करून झाडत होता. सात नंबरच्या खालून कवच लाल झालं, कुणीतरी ओरडलं, आणि तांबं बाहेर आलं. ओल्या जमिनीवर वितळलेला धातू पडला की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती सगळं उडवून लावते. बाकीचे वर होते म्हणून वाचले. सहादूला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. भिमाजी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून होता. बिल्ला अजून छातीवरच होता, तो काढायचं भान राहिलं नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी तो सरिताच्या खोलीत आला. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, सातवर मी मीटर सरकवलं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी दोन बोटं. दुसऱ्या दिवशी परत खाली आला, अजून दोन बोटं. आठच्या बाजूला सरकवलं की वाढायचा. शेवटी वीतभर सरकलो होतो. मला वाटायचं, खरी जागा इकडंच असणार, माझी खूण चुकलीय."

आठच्या कणाजवळ गेल्यावर आकडा वाढणारच होता, हे सरिताला त्याने वाक्य संपवायच्या आधीच कळलं. तिला चार शनिवारच्या सह्याही दिसल्या.

चौकशीत भिमाजीने स्वतःहून सांगितलं, खूण माझी चुकली. समितीच्या लोकांनी ते लिहून घेतलं. अहवालात वाक्य आलं की खुणा पुन्हा रंगवताना कामगाराकडून चूक झाली. ते सगळ्यांनाच सोयीचं होतं. मनोजचं हसणं त्यात आलं नाही, सरिताचा फोन आला नाही, सह्याही आल्या नाहीत. सरिताला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं हे तिला त्या रात्री जेवताना कळलं.

भिमाजी सुरगाण्याला गेला. घाटाने बस, पुढे दोन कोस पायी. सहादूच्या बायकोने, सुलाबाईने, नाव सांगताच त्याला ओळखलं, कारण नवऱ्याकडून त्याचं नाव तिने रोज फोनवर ऐकलं होतं. तिने त्याला पाणी दिलं. भिमाजीने अंगणात उभ्या उभ्या सांगितलं की भट्टीवर मी खूण काढायचो, ती चुकली, म्हणून तुमचा माणूस गेला. सुलाबाई दाराला टेकली.

"खूण चुकतं माणसाचा," ती म्हणाली. "बांधाचा दगडसुद्धा चुकतं. तू मुद्दाम केला का? नाय ना. मग बस, भाकर खा."

त्याने भाकर खाल्ली. परत आल्यावर त्याने हे सरिताला सांगितलं. ती माफी नव्हती, तो म्हणाला, पण बसायला जागा दिल्यासारखं झालं. तेवढ्यावर तो कामावर येऊ लागला. अस्तराच्या जुन्या विटा उपसायच्या होत्या. त्या तो एकेक उचलून बाहेर रचायचा. कण बसवलेल्या विटा मुंबईवाल्यांनी आधीच नेल्या होत्या, त्यामुळे तिथे आता मीटर लागत नव्हतं.

जानेवारीत भट्टी पाडायचं ठरलं. पाडण्याआधी सरिताने ऑफिसातला नकाशा काढला, टेप घेतला आणि एका माणसाला सोबतीला घेऊन बाराही वर्तुळांची मापं घेतली. एक नंबर नकाशाप्रमाणे. दोन नंबर नकाशाप्रमाणे. चारला अर्ध्या बोटाचा फरक. साताच्या वर्तुळाची खालची कड भोकात गेली होती, वरची शाबूत होती. तिने तीनदा मोजलं. नखाएवढाही फरक नव्हता. वरचा रंग खरवडला तर खाली मुंबईवाल्यांच्या पिवळ्या रंगाची फिकट रेघ निघाली, भिमाजीच्या रेघेच्या बरोबर पोटात.

सरिताचे डोळे भरून आले. तिच्या मनात एकच गोष्ट आली. हा माणूस अडीच महिने स्वतःला चुकलेला गवंडी समजतोय आणि तो चुकलेलाच नाही. ही गोष्ट त्याला कधी सांगते असं तिला झालं. ती घाईने बाहेर गेली. तो विटांच्या ढिगाजवळ बसून डबा उघडत होता.

"काका," ती म्हणाली, "मी आत्ता मोजून आले. तुमची खूण बरोबर होती. बाराच्या बारा बरोबर. साताची तर नखाएवढीसुद्धा हलली नव्हती."

भिमाजीने डब्याचं झाकण हातात तसंच धरलं. त्याचा चेहरा खुलेल अशी सरिता वाट बघत होती. तो हळूहळू विझत गेला. तिला वाटलं त्याला नीट समजलं नाही, म्हणून ती पुन्हा सांगायला लागली. त्याने मान हलवून तिला थांबवलं.

"मग पहिल्या दिवशीचा एकशे सत्तर खरा होता," तो म्हणाला.



"सुतळी बरोबर होती. मीटर बरोबर होतं." तो एकेक वीट ठेवावी तसा बोलत होता. "आणि त्या दिवशी, मॅडम, तुम्हाला सांगितलं नाही, मी मग काढून थेंबसुद्धा टाकला होता. सातला लवकर उडाला. म्हटलं, हात म्हातारा झालाय."

तिला म्हणायचं होतं की मनोज हसला, मी टेप लावला नाही, मी चार वेळा सही केली, तुम्ही एकटे नव्हता. यातलं बरंचसं ती बोललीही. त्याने ते ऐकून घेतलं, जसं तो तिचं सगळं ऐकून घ्यायचा. मग म्हणाला, "ते तुमचं तुमच्याकडे. सुलाबाईनं मला खूण चुकली म्हणून जेवू घातलं. खूण तर चुकलीच नव्हती."

डबा त्याने झाकण लावून तसाच पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

सरिता त्याच्या घरी दोनदा गेली. पहिल्यांदा चांगुणाने चहा केला, पण भिमाजी घरात नव्हता. दुसऱ्यांदा तो होता, आतल्या खोलीत. साक्षी दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, बाबांना आता काही समजावून सांगू नका. त्यांना सगळं समजलंय." सरिताने समितीला पत्र लिहिलं, त्यात वर्तुळांची मापं, फोन, सह्या, सगळं घातलं. पोच आली. अहवाल बदलला नाही. मनोजची बदली गुजरातला झाली. पुढे तिनेही ती नोकरी सोडली. आता ती देवळाली कॅम्पच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात मुलांनी प्रयोगाच्या वहीत फार जुळलेले आकडे लिहिले की ती वही परत देते आणि पुन्हा मोजायला लावते. का ते मुलांना सांगत नाही.

एकदा तिने साक्षीला फोन करून विचारलं, बाबा सुरगाण्याला परत गेले होते का. साक्षी म्हणाली, एकदा निघाले होते, खरं काय ते सांगायला. वाटेतल्या पेठ गावापर्यंत गेले. तिथे बस उभी होती, ती गेली, मग पुढची गेली. संध्याकाळी ते घरी आले. त्यानंतर गेले नाहीत.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. भिमाजी एकोणसाठ वर्षांचा आहे. तो इंदिरानगरमधल्या एका सोसायटीत कामाला आहे. सकाळी साडेसहाला तो पाण्याची मोटार लावतो, आणि टाकी भरली की नाही ते सांगायला, त्याच्याच सांगण्यावरून, गच्चीवर दुसरा माणूस ठेवलेला आहे.